पाणवठ्याकाठचं रान: झाडं आणि प्राण्यांसह खरंखुरं वाटणारं डिजिटल निसर्गदृश्य घडवताना

पानावरची शीर न् शीर दिसते, हरणाच्या अंगावरचा केस मोजता येतो, तरी चित्र खोटं वाटतं. झाड जिथे उभं केलंय तिथे ते का उगवलं असेल, याचं उत्तर चित्रात सापडत नाही, हे त्याचं कारण असतं. रानात हे उत्तर बहुतेकदा पाण्यापाशी मिळतं. पाणी उतारावरची माती ओढून नेतं आणि सखल जागी गाळ टाकतं. गाळावर गवत दाटतं, गवतासाठी आणि पाण्यासाठी जनावरं येतात, आणि त्यांच्या खुरांनी जमीन पुन्हा बदलते. म्हणून इथली सगळी कामं पाण्याच्या वाटेनंच पुढे जातील.

उदाहरणाला एकच दृश्य घेऊ: रानाच्या काठावरचा लहानसा पाणवठा, सकाळचं तिरपं ऊन, पाण्यावर आलेला चितळांचा कळप, मागे झाडांची रांग आणि त्यामागे डोंगर. साधन ब्लेंडर हे त्रिमितीय दृश्यं बांधायचं सॉफ्टवेअर आणि त्यातलं सायकल्स रेंडर इंजिन, म्हणजे बांधलेल्या दृश्यातून प्रकाशाचा हिशोब करून चित्र काढणारा भाग. हे सॉफ्टवेअर मोफत आहे. दुसरं सॉफ्टवेअर वापरत असाल तर बटणांची नावं बदलतील, आकडे आणि कारणं तीच राहतील.

आधी मोजमाप आणि कॅमेरा

सीन मीटरमध्येच बांधा. ब्लेंडरमध्ये मुळातच १ एकक म्हणजे १ मीटर असतं. १२ मीटरचं झाड १.२ एककांचं केलं तरी रिकाम्या व्ह्यूपोर्टमध्ये (काम करायच्या खिडकीत) काहीच बिघडल्यासारखं वाटत नाही. बिघडतं ते पुढे. धुक्याची घनता, फोकसची खोली आणि केसांची जाडी खऱ्या अंतरांवर चालतात. लहान केलेल्या सीनमध्ये मागची झाडं अशी धूसर होतात की सगळं रान टेबलावरच्या खेळण्यासारखं दिसतं.

कॅमेरा पहिल्या दिवशीच ठरवा, कारण कुठे किती मेहनत करायची हे तोच सांगतो. हिशोब सोपा आहे. ३६ मिलिमीटर रुंदीच्या सेन्सरवर ८५ मिलिमीटरची लेन्स असेल, तर ४० मीटरवर चित्राची रुंदी ३६ भागिले ८५ गुणिले ४०, म्हणजे साधारण १७ मीटर भरते. चित्र ३८४० पिक्सेल रुंद असेल तर तिथे १ मीटरला सुमारे २२५ पिक्सेल मिळतात. चितळाच्या नराची खांद्यापर्यंतची उंची ९० सेंटिमीटरच्या आसपास असते, म्हणजे तो चित्रात २०० पिक्सेल उंच दिसेल. त्याच्या अंगावरचा ३ सेंटिमीटरचा केस जेमतेम ७ पिक्सेलचा होईल. या आकड्यांवरूनच कळतं, की इथे पापणीचे केस लावत बसणं म्हणजे वेळ फुकट घालवणं आहे.

कॅमेऱ्याची उंची माणसाच्या नजरेची न ठेवता जनावराच्या नजरेची, म्हणजे ९० सेंटिमीटर ते १ मीटर ठेवून पाहा. वरून पाहिलेला प्राणी जमिनीला चिकटल्यासारखा दिसतो. समोरून पाहिला की त्याची पाठ मागच्या झाडांवर उठून दिसते. अॅपर्चर एफ ८ आणि फोकस ४० मीटरवर ठेवलात, तर या लेन्समध्ये साधारण १७ मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट यायला हवं. धूसर होईल ते फक्त कॅमेऱ्याजवळचं गवत, आणि तेवढंच पुरेसं आहे.

जमीन: तीन पट्ट्यांत

अख्खं दृश्य एका मेशमध्ये, म्हणजे चौकटींच्या एकाच जाळीत, बसवायचा मोह टाळा. जमिनीचे तीन पट्टे करा. जवळचा ६० बाय ६० मीटर, ज्यात पाणवठा आणि प्राणी येतील. मधला सुमारे ४०० मीटरचा, ज्यात रान येईल. आणि मागचा ७–८ किलोमीटरचा, फक्त डोंगरांसाठी. जवळच्या पट्ट्याला प्रत्येक बाजूने १२०० भाग दिले की एक चौकट ५ सेंटिमीटरची होते, आणि एकूण चौकटी १४ लाखांच्या घरात जातात. मधल्याला १००० भाग पुरतात. तिथे चौकट ४० सेंटिमीटरची होते.

मागच्या डोंगरांसाठी अंतराळातून मोजलेला उंचीचा डेटा उत्तम. २००० साली अंतराळयानातून झालेल्या एसआरटीएम मोजणीचा किंवा युरोपच्या कोपर्निकस प्रकल्पाचा डेटा मोफत मिळतो. त्यात साधारण दर ३० मीटरवर एक मोजणी असते. म्हणजे ८ किलोमीटरच्या डोंगरासाठी प्रत्येक बाजूला २६० हून जास्त बिंदू मिळतात आणि क्षितिजाची धार खरी दिसते. तोच डेटा मधल्या ४०० मीटरना लावाल तर जेमतेम १३ बिंदू हाती येतील, आणि जमीन अंथरलेल्या गोधडीसारखी गुळगुळीत होईल. जवळची जमीन स्वतःच घडवावी लागते.

उंचीचा नकाशा, म्हणजे हाइटमॅप, ८ बिटचा कधीच वापरू नका. त्यात फक्त २५६ पायऱ्या असतात. ५०० मीटर उंचीचा डोंगर त्यात बसवला तर एक पायरी जवळपास २ मीटरची होते आणि उतारावर भाताच्या खाचरांसारख्या पायऱ्या दिसू लागतात. १६ बिटमध्ये ६५,५३६ पायऱ्या असतात आणि तोच डोंगर ८ मिलिमीटरपेक्षा लहान पायऱ्यांत चढतो. फाइल आणताना कलर स्पेस 'नॉन-कलर' करायला विसरू नका, नाहीतर उंचीच्या आकड्यांवर रंगांचा वक्र लागतो आणि उतारांचा आकार बदलतो. डिस्प्लेस मॉडिफायरमध्ये मिडलेव्हल ० करा आणि स्ट्रेंग्थमध्ये उंची मीटरमध्ये लिहा. कडेला सुळके उभे राहिले तर टेक्स्चरचं (पृष्ठभागावर चढवलेल्या चित्राचं) एक्स्टेन्शन 'रिपीट'वरून 'एक्स्टेंड' करा. एका टोकाची उंची दुसऱ्या टोकाला लागल्यामुळे ते येतात.

आता पाणी. नुसत्या नॉइजवर, म्हणजे संगणकाने काढलेल्या यादृच्छिक ठिपक्यांवर, उभारलेली जमीन पाण्याने न धुतलेली असते, आणि बघणाऱ्याला शब्दांत सांगता आलं नाही तरी ते जाणवतं. गिया, वर्ल्ड मशीन किंवा हुडिनी या सॉफ्टवेअरमध्ये इरोजन, म्हणजे पाण्याने होणारी झीज, चालवा. घळी कोरल्या जातील, पायथ्याला गाळाचे पंखे पसरतील. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे या साधनांतून दोन मास्क, म्हणजे कुठे किती परिणाम हवा ते सांगणारे काळे-पांढरे नकाशे, मिळतात: पाणी कुठून वाहिलं त्याचा आणि गाळ कुठे साठला त्याचा. ते जपून ठेवा, पुढे प्रत्येक टप्प्यावर लागतील. ही साधनं नसतील तर जवळच्या पट्ट्यावर स्कल्प्ट मोडमध्ये दोन-तीन ओघळ पाणवठ्याकडे ओढा. सुरुवातीला अरुंद आणि खोल, खाली येताना रुंद आणि उथळ. मग त्यांच्यावर वेट पेंटने तोच मास्क हाताने रंगवा. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि या लेखातलं एकच काम करणार असाल तर हेच करा.

माती, ओल आणि पाणी

जमिनीची टेक्स्चर्स पॉली हेवन या संकेतस्थळावर सीसी-शून्य, म्हणजे कसंही मोफत वापरू देणाऱ्या, परवान्यात मिळतात. टेक्स्चर खऱ्या जमिनीच्या किती मीटर तुकड्याचं आहे ते बघा आणि तेवढ्याच मापाने लावा. २ मीटरचं टेक्स्चर ६० मीटरवर ३० वेळा येणार, आणि तोच दगड ३० वेळा ओळीत दिसणार. यावर उपाय म्हणजे दोन-तीन टेक्स्चर्स नॉइजच्या मास्कने मिसळणं. एका नॉइजचे ठिपके ७ मीटरचे आणि दुसऱ्याचे २३ मीटरचे ठेवा, म्हणजे त्यांची लय जुळत नाही आणि पुनरावृत्ती डोळ्यांना सापडत नाही. रफनेस (खरखरीतपणा), नॉर्मल (पृष्ठभागाची दिशा) आणि डिस्प्लेसमेंटचे (उंच-सखलपणाचे) नकाशे 'नॉन-कलर' हवेत. खड्डे उंचवट्यांसारखे दिसत असतील तर नॉर्मल मॅप डायरेक्ट-एक्स पद्धतीचा आहे; ब्लेंडरला ओपन-जीएल पद्धतीचा लागतो. हिरवा चॅनेल उलटा केला की काम होतं.

उतारावरून माती आणि खडक वेगळे करायला नॉर्मलचा झेड घटक वापरा. तो उताराच्या कोनाची कोसाइन असतो: ३५ अंशांना ०.८२ आणि ४५ अंशांना ०.७१. तेव्हा ०.८२ च्या वर माती-गवत, ०.७१ च्या खाली उघडा खडक आणि मधे मिश्रण.

पाण्याची पातळी एका सपाट प्लेनने दाखवा, आयओआर (प्रकाश किती वळतो याचा आकडा) १.३३, रफनेस ० ते ०.०५. सरळ वरून खाली पाहिलं तर पाणी जेमतेम २ टक्के प्रकाश परत फेकतं. तिरकं पाहिलं की परावर्तन झपाट्याने वाढतं. त्यामुळे काठाजवळ तळ दिसतो आणि लांबच्या पाण्यात झाडं दिसतात. हे शेडर (पृष्ठभागावर प्रकाश कसा वागेल ते ठरवणारा भाग) आपोआप करतं, फक्त तळ गाळाचा आणि गडद ठेवा. खरी मेहनत काठाच्या ओल्या पट्टीवर करा. पाण्यापासून २० ते ४० सेंटिमीटरपर्यंत मातीचा रंग जवळपास निम्मा गडद करा आणि रफनेस ०.९ वरून ०.३–०.४ वर आणा. ही पट्टी सरळ रेषेत संपवू नका. ओघळ जिथे पाण्याला मिळतो तिथे ती आत शिरू द्या. ही ओल नसेल तर पाणी जमिनीवर ठेवलेल्या काचेसारखं दिसतं.

एक झाड नीट बघू

झाड मुळापासून बनवायचं तर सॅपलिंग हे अॅड-ऑन चांगली सुरुवात करून देतं. ते १९९५ साली वेबर आणि पेन यांनी मांडलेल्या पद्धतीवर बेतलेलं आहे. स्पीडट्री आणि द ग्रोव्ह ही पुढची साधनं. साधन कोणतंही असो, एक नियम हाताने तपासा. लिओनार्दो दा विंचीने टिपून ठेवलेला: फांदी जिथे फुटते तिथे पुढच्या फांद्यांच्या छेदांचं क्षेत्रफळ मिळून मागच्या खोडाच्या छेदाइतकं भरतं. ३० सेंटिमीटर जाडीचं खोड दोन सारख्या फांद्यांत फुटलं तर प्रत्येक फांदी १५ ची न होता २१ सेंटिमीटरची होते. एक फांदी २७ ची राहिली तर दुसरी १३ ची. तयार मॉडेलमधलं झाड कुपोषित वाटतं तेव्हा बहुधा इथेच चूक असते. फांद्या फुटल्या फुटल्या बारीक झालेल्या असतात.

पानाचा हिरवा रंग जवळजवळ प्रत्येक नवखा माणूस फार भडक आणि फार उजळ घेतो. सुरुवातीला लाल ०.०७, हिरवा ०.११ आणि निळा ०.०३ असे आकडे टाका. व्ह्यूपोर्टमध्ये ते मळकट वाटेल. उन्हात बरोबर दिसेल. पान प्रकाश अडवतं तसं आरपारही जाऊ देतं, म्हणून मूळ शेडरमध्ये ट्रान्सलुसंट शेडर ०.३ ते ०.५ प्रमाणात मिसळा आणि त्याचा रंग जरा पिवळसर, जास्त उजळ ठेवा. सूर्य झाडामागे असताना शेंडे जे पेटून उठतात ते यामुळे. पानाची वरची बाजू किंचित चकचकीत, रफनेस ०.४ च्या आसपास. खालची फिकट आणि मंद. एकाच झाडाच्या पानांत रंगछटेचा थोडा फरक ऑब्जेक्ट इन्फो नोडच्या 'रँडम'ने द्या. पानं इन्स्टन्स, म्हणजे एकाच मूळ पानाच्या हलक्या नकला, म्हणून लावलेली असतील तरच तो पानागणिक बदलतो, नाहीतर झाडागणिक.

पानं चौकोनी प्लेनवर अल्फा टेक्स्चरने, म्हणजे पानाबाहेरचा भाग पारदर्शक करून, दाखवली असतील तर झाडाच्या आतल्या भागात काळे ठिपके येतात. सायकल्समध्ये पारदर्शक थर ओलांडायची मर्यादा मुळात ८ असते; किरण आठ पानांचे पारदर्शक कोपरे ओलांडतो आणि संपतो. लाइट पाथ्समध्ये 'ट्रान्सपरंट' २४ ते ३२ करा. त्याहून चांगलं म्हणजे प्लेन पानाच्या कडेलगत सहा-आठ बिंदूंनी कापून घेणं, म्हणजे रिकामा पारदर्शक भागच उरत नाही आणि रेंडरही वेगाने होतं.

एका जातीची चार मॉडेल्स लागतात: दोन भर वयातली, एक म्हातारं, मोडकी फांदी आणि वठलेला शेंडा असलेलं, आणि एक कोवळं. शिवाय रानाच्या काठासाठी वेगळं झाड हवं. रानाच्या पोटातल्या झाडाच्या खालच्या फांद्या उजेडाअभावी झडलेल्या असतात, खोड उघडं असतं. काठावरच्या झाडाला मात्र मोकळ्या बाजूने ऊन मिळतं, म्हणून त्या बाजूला फांद्या खूप खालपर्यंत येतात. पाणवठ्याकडे तोंड केलेली पहिली रांग या झाडांची लावा.

रान पेरताना

पाच लाख त्रिकोणांचं झाड ८०० वेळा कॉपी केलं तर ४० कोटी त्रिकोण होतात आणि मशीन मान टाकतं. इन्स्टन्सिंगमध्ये मेमरीत झाड एकदाच राहतं, बाकीच्या ठिकाणी फक्त जागा, दिशा आणि माप. ब्लेंडरच्या जिऑमेट्री नोड्समध्ये (डबे जोडून वस्तू मांडायची सोय) क्रम असा:

१. मधल्या पट्ट्यावर 'डिस्ट्रिब्यूट पॉइंट्स ऑन फेसेस' घ्या आणि पद्धत 'पॉइसन डिस्क' करा. किमान अंतर झाडाच्या पसाऱ्याच्या (फांद्यांच्या आडव्या रुंदीच्या) ६० ते ७० टक्के ठेवा, म्हणजे फांद्या एकमेकींत शिरतात. ७ मीटर पसाऱ्याला ४.५ मीटर.

२. डेन्सिटी फॅक्टरला मास्कचा गुणाकार जोडा: उताराचा (०.७१ ला शून्य, ०.८२ ला एक), गाळाचा, आणि ३०–४० मीटरच्या ठिपक्यांचा नॉइज. नॉइजला कलर रॅम्पने कडक करा. रानात दाटी आणि मोकळी जागा आलटून पालटून येते, सगळीकडे सारखी विरळ झाडी नसते.

३. 'कलेक्शन इन्फो'मध्ये 'सेपरेट चिल्ड्रन' आणि 'रीसेट चिल्ड्रन' दोन्ही चालू करा, 'इन्स्टन्स ऑन पॉइंट्स'मध्ये 'पिक इन्स्टन्स'.

४. फिरवणं: झेड अक्षाभोवती ० ते ६.२८३ रेडियन, एक्स आणि वायला उणे ०.०५ ते ०.०५, म्हणजे सुमारे ३ अंशांचा कल. पॉइंट्समधून येणारी रोटेशन झाडांना जोडू नका. ती जोडली की झाडं उताराला काटकोनात उभी राहतात; खरं झाड उतारावरही सरळ वर जातं.

५. माप ०.८ ते १.२ एवढंच बदला. निम्मं केलेलं झाड लहान झाड दिसत नाही, कारण त्याची पानं आणि साल पण निम्मी होतात. कोवळ्या झाडाचं मॉडेल त्यासाठीच वेगळं केलं.

६. शेवटी झाडं १० ते १५ सेंटिमीटर खाली ढकला, नाहीतर उताराच्या खालच्या बाजूला बुंधा अधांतरी राहतो. झाड अर्धं जमिनीत गाडलं गेलं तर त्याचा ओरिजिन (मूळ बिंदू) बुंध्याऐवजी मध्यावर आहे.

कॅमेऱ्याबाहेरची झाडं काढून टाकायची सोय वापरताना सांभाळा. चौकटीबाहेरच्या झाडांची सावली चौकटीत पडते आणि त्यांचं प्रतिबिंब पाण्यात दिसतं. सूर्य ज्या बाजूला आहे तिकडची झाडं तरी काढू नका.

गवताला फार वेळ देऊ नका. पातं तीन-चार चौकटींचं, अल्फाशिवाय. ३० ते ५० पात्यांचे पाच-सहा वेगवेगळे झुपके. कॅमेऱ्यापासून ३० मीटरपर्यंत दर चौरस मीटरला ४० ते ६० झुपके, पाणवठ्यापर्यंत निम्मे, १०० मीटरपुढे नुसता जमिनीचा रंग. झुपक्यांत एक-दोन वाळके असू द्या. घळींच्या मास्कवर हिरवं आणि उंच, टेकाडावर खुरटं आणि पिवळं. झाडांखाली वाळकी पानं आणि मोडक्या काटक्या पसरा. स्वच्छ झाडलेलं रान कुठेच नसतं.

प्राणी येण्याआधी त्यांच्या खुणा

प्राणी सीनमध्ये नुसता आणून ठेवला तर तो चिकटवल्यासारखा दिसतो. त्याचं तिथलं रोजचं येणं-जाणं आधी जमिनीवर दाखवा. पाणवठ्याकडे जाणाऱ्या ३० सेंटिमीटर रुंदीच्या दोन-तीन पायवाटा वेट पेंटने आखा. त्या उतार तिरका कापत येतात आणि पाण्याजवळ एकत्र मिळतात. त्या मास्कवरचं गवत काढा, माती दाबलेली आणि फिकट करा. काठाच्या चिखलात खुरांचे ठसे डिस्प्लेसमेंटने उमटवा. झाडांवरही खूण असते: हरणं पोचतील तिथपर्यंतचा पाला खाऊन टाकतात, त्यामुळे काठावरच्या झाडाझुडपांना जमिनीपासून सुमारे दीड मीटरवर पाल्याची खालची कड कापल्यासारखी दिसते. मघाशी खालपर्यंत आणलेल्या फांद्यांची पानं या रेषेखाली विरळ करा, नुसत्या काटक्या राहू द्या. ही एक रेषा दिसली की प्राणी चौकटीत नसतानाही तो तिथे राहतो हे पटतं.

आता शरीर. हरणाच्या मागच्या पायाला जो उलटा गुडघा दिसतो तो घोटा असतो; खरा गुडघा वर, पोटाच्या जवळ. हरीण बोटांच्या टोकांवर, म्हणजे खुरांवर चालतं. रिगमध्ये, म्हणजे मॉडेल हलवणाऱ्या सांगाड्यात, हाडांची जागा चुकली की मागचा पाय दुमडताना रबरासारखा वाकतो. मॉडेल विकत घेताना बघायचं पहिलं ठिकाण हेच.

पोज ठरवताना वजन कुठे आहे ते विचारा. पाणी पिणारं हरीण पुढचे पाय थोडे फाकवतं, मान खाली जाते आणि खांद्याची पाती पाठीच्या रेषेच्या वर उठतात. ती उठली नाहीत तर मान नळीसारखी लोंबते. चालणारं हरीण असेल तर पायांचा क्रम डावा मागचा, डावा पुढचा, उजवा मागचा, उजवा पुढचा. कळपात सगळ्यांची तोंडं पाण्याकडे करू नका. दोन-तीन पिताहेत, एकाचं डोकं वर आणि कान रानाकडे वळलेले, एक मादी मागे वळून पाडसाकडे बघतेय, नर थोडा बाजूला. कान वेगवेगळ्या दिशांना फिरवा. पिणाऱ्या जनावराचेही कान मागचं ऐकत असतात. मादी नरापेक्षा लहान, खांद्याशी सुमारे ७० सेंटिमीटर आणि बिनशिंगांची. एकच मॉडेल सहा वेळा वापरलं की कळप लगेच पकडला जातो.

चितळाच्या अंगावरचे पांढरे ठिपके जन्मभर राहतात आणि पाठीलगत ते ओळीत येतात; पाठीच्या कण्यावर गडद पट्टा, पोट, गळा आणि पायांची आतली बाजू पांढरी. टेक्स्चरमध्ये सावली रंगवलेली असेल तर ती काढा. पोट मुळात पांढरं असतं आणि सावलीने मंद दिसतं. दोनदा सावली पडली की प्राणी खालून मळलेला वाटतो.

केस फक्त कॅमेऱ्याजवळच्या दोन प्राण्यांना द्या. ६०० मार्गदर्शक केस आणि प्रत्येकामागे २०० उपकेस, म्हणजे सव्वा लाखाच्या आसपास. अंगावर लांबी २–३ सेंटिमीटर, तोंडावर आणि कानांवर अर्धा, शेपटीला जास्त. जाडी ०.१ मिलिमीटर. विंचरण्याची दिशा नाकाकडून शेपटीकडे आणि पायांवर खाली. रंग त्वचेच्या टेक्स्चरमधूनच घ्या, म्हणजे केस विरळ असतील तिथे फटीतून वेगळा रंग डोकावत नाही. अंगातून तेज आल्यासारखं दिसत असेल तर केस बहुधा जाड झालेत. जाडी निम्मी करून बघा.

डोळा मात्र दूरच्या प्राण्याचाही नीट हवा. बुबुळावर पारदर्शक कवच वेगळं ठेवा, आयओआर १.३८, रफनेस ०. आकाशाचा एक ठिपका त्यात चमकला पाहिजे. तो नसेल तर प्राणी पेंढा भरलेला दिसतो. हरणाची बाहुली आडवी असते.

खूर जमिनीत रुतवा. कोरड्या मातीत अर्धा सेंटिमीटर, चिखलात दोन-तीन. जिऑमेट्री प्रॉक्सिमिटीने खुराच्या ५ सेंटिमीटरमधलं गवत बाजूला वाकवा, आणि खुराच्या पुढे दोन-चार पाती मुद्दाम ठेवा. प्राणी तरंगतोय असं वाटतं तेव्हा बहुतेकदा या दोन-चार पात्यांचीच उणीव असते. पाण्यात मुस्काट असेल तिथे एक-दोन वर्तुळाकार लाटा द्या.

ऊन आणि हवा

स्काय टेक्स्चरमध्ये सूर्याची उंची १२ अंश ठेवा. या कोनात सावली वस्तूच्या ४.७ पट लांब पडते, म्हणजे १२ मीटरच्या झाडाची ५६ मीटर. पाणवठा रानाच्या सावलीत बुडतो का हे आधी बघा आणि सूर्य फिरवून प्राण्यांवर उन्हाचा एक कवडसा पडू द्या. सूर्य कॅमेऱ्याच्या पाठीशी नको. बाजूने किंवा किंचित मागून आलेलं ऊन पाठीच्या केसांची कड आणि पानांचे शेंडे उजळवतं. सूर्याचं आकाशातलं माप सुमारे ०.५३ अंश आहे; ते वाढवलं की सावल्यांच्या कडा ढगाळ दिवसासारख्या विरघळतात.

हे आकाश खऱ्या उजेडाच्या आकड्यांत काम करतं, म्हणून पहिला रेंडर पांढराफटक येतो. तीव्रता ०.१ करा किंवा एक्स्पोजर उणे ३.३, दोन्हींचा परिणाम जवळपास सारखा. तिथून पुढे डोळ्यांनी ठरवा. व्ह्यू ट्रान्सफॉर्म (उजेडाचे आकडे पडद्यावरच्या रंगांत बदलायची पद्धत) एजीएक्स ठेवा, ब्लेंडर ४.० पासून तोच मुळात असतो. उन्हात पाठीचा तांबूस रंग जळत नाही.

मग हवा. वर्ल्डला (सीनभोवतीच्या पार्श्वभूमीला) व्हॉल्यूम, म्हणजे धुकं, लावू नका. ते अनंत असल्याने सूर्य आणि आकाश दोन्ही अडवतं. सीनभोवती मोठी पेटी ठेवा आणि तिला व्हॉल्यूम स्कॅटर द्या. घनतेचा मूळ आकडा १ असतो आणि त्यात एका मीटरवरच प्रकाश ३७ टक्क्यांवर येतो, म्हणजे काहीच दिसणार नाही. ०.००१ घ्या: ४० मीटरवरच्या चितळापासून ९६ टक्के प्रकाश पोचतो, १ किलोमीटरवरच्या डोंगरापासून ३७ टक्के. पेटीची उंची जपून ठरवा. सूर्य १२ अंशांवर असताना १०० मीटर उंचीच्या पेटीतून ऊन ४८० मीटर प्रवास करतं आणि त्यातलं ६२ टक्केच जमिनीवर पोचतं. पेटी ३०० मीटरची केली तर जेमतेम २४ टक्के. धुकं तेच ठेवून ऊन का मेलं, हा प्रश्न पडतो तो इथे. अॅनिसोट्रॉपी (धुकं प्रकाश पुढच्या दिशेला किती जास्त विखुरतं ते) ०.५ च्या आसपास. पाण्यावर दीड मीटर उंचीची वेगळी पेटी, घनता ०.०२ आणि नॉइजने तुटक, म्हणजे सकाळची वाफ.

रेंडर

आधी निम्म्या आकारात, ६४ सॅम्पलवर (प्रत्येक पिक्सेलमागे ६४ किरण) करड्या रंगाचा रेंडर काढा. चित्र अंगठ्याएवढं करून बघा. हरीण ओळखू येत नसेल तर त्यामागचं झुडूप हलवा किंवा वाफ वाढवा. टेक्स्चरने ते ओळखू येणार नाही.

शेवटच्या रेंडरला ५१२ ते १०२४ सॅम्पल आणि नॉइज थ्रेशोल्ड ०.०१. डिनॉइजसाठी, म्हणजे चित्रातले कण पुसायला, ओपन इमेज डिनॉइज, अल्बेडो (मूळ रंग) आणि नॉर्मल या पाससह (चित्रासोबतच्या वेगळ्या थरांसह). कमी सॅम्पल्सवर डिनॉइज केलं तर गवत आणि पालवी तेलरंगासारखी फासली जाते. दूरच्या झाडांकडे १०० टक्के झूम करून हे तपासा. पाण्यावर पांढरे टिकले चमकत असतील तर कॉस्टिक्स (पाण्यातून गोळा होऊन पडणारे उजेडाचे ठिपके) बंद करा आणि इनडायरेक्ट क्लॅम्प १० वरून ५ पर्यंत उतरवा. जवळच्या जमिनीवर तिरप्या उन्हात काळ्या पायऱ्या दिसल्या तर मेश जाड आहे. तेवढ्या भागाच्या चौकटी लहान करा.

मेमरी संपली तर पहिला संशय टेक्स्चर्सवर घ्या. ४०९६ पिक्सेलच्या एका चौकोनी टेक्स्चरला ६४ एमबी लागतात, ८१९२ च्या टेक्स्चरला २५६. दूरच्या झाडाच्या सालीला ८१९२ चं टेक्स्चर असेल तर ते १०२४ वर आणा. चित्रात फरक दिसणार नाही.

फाइल मल्टिलेअर ओपन ईएक्सआर, ३२ बिट फुल फ्लोटमध्ये ठेवा आणि मिस्ट, क्रिप्टोमॅट हे पास सोबत घ्या. मागचा डोंगर जास्त जवळ वाटला तर मिस्ट पासने तो दोन-चार टक्के फिका करता येतो, आणि फक्त हरणावरचं ऊन वाढवायचं असेल तर क्रिप्टोमॅटने तेवढंच निवडता येतं. एका खुरापाशी गवत राहून गेलेलं दिसलं, तर अख्खा रेंडर पुन्हा लावू नका. कंट्रोल-बीने तेवढा चौकोन आखा, तेच सॅम्पल्स आणि तोच सीड (यादृच्छिक ठिपक्यांचा सुरुवातीचा आकडा) ठेवून तो तुकडा रेंडर करा, आणि मूळ चित्रावर बसवा.